हवा-पेट्रोलाची मात्रा जुळविणारा अभियंता : विल्हेल्म मायबाख

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. आजच्या वाहनांना त्या चढणीचे विशेष काही वाटत नाही. परंतु स्कूटर आणि तीनचाकी रिक्षा कार्ब्युरेटरवर चालत होत्या त्या काळात, मे महिन्याच्या दुपारी माणसे आणि सामान घेऊन असा घाट चढणे ही इंजिनाची परीक्षाच असे. त्या इंजिनांना पाण्याचा रेडिएटर नव्हता. सिलिंडरच्या अंगावरील पातळ पात्यांवरून वाहणारी हवा हाच त्यांचा गारवा. अशा इंजिनाला पेट्रोल थोडे कमी पडले तर ते तापून दगा देई, जास्त झाले तर काळा धूर सोडत धापा टाकी. मग बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावच्या गॅरेजमधील मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाही, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकून साफ करी आणि एक बारीक स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून इंजिनाचा आवाज कान देऊन ऐके.

सुईच्या छिद्राएवढ्या त्या पितळी जेटच्या मागे ज्या माणसाचे डोके होते, त्याचे नाव गॅरेजमध्ये क्वचितच कोणी ऐकले असेल. विल्हेल्म मायबाख हे ते नाव. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण इंजिनाच्या प्रत्येक श्वासागणिक जुळविण्याची व्यवहार्य रीत या जर्मन अभियंत्याने १८९३ च्या सुमारास सिद्ध केली आणि मोटारगाडी प्रयोगाच्या खोलीतून रस्त्यावर आली. त्याच्या कामाची फळे जगाने चाखली. नाव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याचे लागले.

पोरकेपणातून कारखान्यात

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी वुर्टेंबर्ग राज्यातील हाइलब्रोन येथे झाला. वडील सुतारकाम करीत. पाच मुलांचे हे कुटुंब पुढे उपजीविकेसाठी स्टुटगार्टला आले. तेथे १८५४ मध्ये आई वारली आणि १८५६ मध्ये वडिलांचा बुडून मृत्यू झाला. दहा वर्षांचा विल्हेल्म आणि त्याची भावंडे उघड्यावर पडली. या मुलांना आधार मिळावा म्हणून वर्तमानपत्रातून आवाहन करण्यात आले. त्याला प्रतिसाद देऊन रॉयटलिंगेन येथील ब्रूडरहाउस या संस्थेने विल्हेल्मला आपल्याकडे घेतले.

गुस्ताव वेर्नर या धर्मोपदेशकाने चालविलेली ही संस्था केवळ अन्नछत्र नव्हती. अनाथ मुलांनी काम शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे यासाठी तिने स्वतःचे कारखाने उभारले होते, त्यांत यंत्रांचा कारखानाही होता. विल्हेल्मचा हात चित्रकलेत, विशेषतः यंत्रांच्या आराखड्यांत चांगला असल्याचे वेर्नर यांच्या लक्षात आले आणि त्याला आरेखनाच्या कामाला लावण्यात आले. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी गणित व पदार्थविज्ञान असा त्याचा अभ्यासक्रम झाला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. आराखड्याच्या कागदावर मात्र त्याची नजर पक्की बसली. यंत्राचा भाग हाताने घडविण्यापूर्वी तो मनात पूर्ण पाहायचा, ही सवय त्याला आयुष्यभर उपयोगी पडली.

१८६३ च्या अखेरीस या कारखान्याचा कारभार पाहण्यासाठी गोटलीब डाइम्लर नावाचा तरुण अभियंता आला. डाइम्लर मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठे. ते महत्त्वाकांक्षी, व्यवहार जाणणारे आणि अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. या पोरक्या मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली. पुढील पस्तीसहून अधिक वर्षे, डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत, ही दोन नावे एकमेकांपासून सुटली नाहीत. डाइम्लर १८६९ मध्ये कार्ल्सरूहच्या यंत्रकारखान्यात गेले, त्याच वर्षी मायबाखही तेथे पोहोचले. १८७२ मध्ये डाइम्लर कोलोनजवळील डॉइट्झच्या गॅस इंजिन कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले आणि मायबाख तेथे आरेखन विभागाचे मुख्य झाले.

हा कारखाना निकोलाउस ऑटो यांचा होता. चार टप्प्यांत काम करणारे, म्हणजे मिश्रण आत घेणारे, दाबणारे, पेटविणारे आणि धूर बाहेर टाकणारे ऑटो यांचे इंजिन १८७६ मध्ये तयार झाले. ते कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडावे यासाठी त्याची रचना सुधारण्याचे काम मायबाख यांनी केले. परंतु हे इंजिन जड होते, नळाने येणाऱ्या गॅसवर चाले आणि मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे घेई. गिरणीच्या कोपऱ्यात उभे राहण्यास ते उत्तम, पण गाडीवर चढविणे अशक्य. हलके, वेगवान आणि स्वतःचे इंधन बरोबर बाळगणारे इंजिन हवे, ही डाइम्लर यांची धारणा होती. ऑटो यांच्याशी त्यांचे पटेना. १८८२ मध्ये ते डॉइट्झ सोडून स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला आले. मायबाखही आपली स्थिर नोकरी सोडून, पत्नी बेर्था आणि लहान मुलगा कार्ल यांच्यासह त्यांच्यामागून गेले.

बागेतील प्रयोगशाळा

डाइम्लर यांनी कानश्टाटला मोठे घर घेतले आणि बागेतील काचगृहाला जोडून कार्यशाळा थाटली. दोघे दिवसरात्र तेथे काय करतात हे कोणालाच सांगितलेले नव्हते. हातोड्यांचे आवाज ऐकून माळ्याला संशय आला की आत खोटी नाणी पाडली जातात. पोलिसांनी येऊन झडती घेतली, तेव्हा त्यांना फक्त इंजिनाचे भाग सापडले, अशी हकीकत सांगितली जाते.

येथे १८८३ मध्ये तप्त नळीने मिश्रण पेटविणारे वेगवान इंजिन साकारले. १८८५ मध्ये उभ्या सिलिंडरचे, आकाराने लंबकाच्या घड्याळासारखे दिसणारे छोटे इंजिन तयार झाले. क्षमता २६४ घनसेंटिमीटर, शक्ती अर्धा अश्वबल आणि गती मिनिटाला सुमारे ६०० फेरे. हे इंजिन हवेने थंड होणारे होते. लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर ते बसविण्यात आले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइम्लर यांच्या मुलाने त्यावर स्वार होऊन काही किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंजिनाच्या उष्णतेने आसनाने पेट घेतल्याचे सांगतात. मराठवाड्याच्या उन्हात स्कूटर चालविलेल्या कोणालाही त्या स्वाराची अवस्था समजू शकेल. १८८६ मध्ये अधिक शक्तीचे इंजिन घोडागाडीत आणि नेकर नदीवरील होडीत बसले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मायबाख यांनी स्वतः आखलेली, पोलादी चाकांची आणि दंतचक्रांच्या गिअरची गाडी मांडण्यात आली.

इंजिन वेगवान झाले, पण त्याला खाऊ घालण्याची रीत मागासच राहिली होती. पेट्रोल तेव्हा औषधाच्या दुकानात डाग काढण्याचे द्रव म्हणून विकले जाई. द्रवरूपात ते पेटवून उपयोग नाही, त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. त्यासाठी डाइम्लर-मायबाख आणि कार्ल बेंझ हे दोघेही पृष्ठभागी कार्ब्युरेटर वापरीत. एका भांड्यात पेट्रोल ठेवायचे, त्यावरून किंवा त्यातून हवा ओढायची आणि ती जेवढी वाफ घेऊन येईल तेवढी इंजिनाला द्यायची.

या पद्धतीचे दोष अनेक होते. पेट्रोलातील हलका अंश आधी उडून जाई आणि जड अंश तळाशी राही, त्यामुळे भांडे रिकामे होत जाईल तसे मिश्रण बिघडे. सकाळच्या थंडीत वाफ कमी, दुपारी जास्त. रस्त्यावरील धक्क्यांनी पेट्रोल हिंदकळले की प्रमाण आणखी बदले. इंजिनाने वेग घेतला की भांडे त्याला पुरे पडत नसे. म्हणजे मिश्रण किती द्यायचे हे चालकाच्या हातात नव्हते. ते हवामान आणि रस्ता ठरवीत होते.

हॉटेल हेर्मानमधील शोध

२८ नोव्हेंबर १८९० रोजी डाइम्लर मोटर कंपनी स्थापन झाली. तिच्यात भांडवलदारांचे वजन अधिक होते. स्थिर इंजिने विकून लवकर नफा मिळवावा असे त्यांना वाटे, मोटारगाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. मायबाख यांना देऊ केलेल्या अटी मानहानिकारक होत्या. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. डाइम्लर नावापुरते कंपनीत राहिले, पण त्यांनी मायबाखना एकटे सोडले नाही. १८९२ मध्ये कानश्टाटमधील बंद पडलेले हॉटेल हेर्मान त्यांनी भाड्याने घेतले आणि तेथे मायबाख यांनी मोजक्या कामगारांसह व शिकाऊ मुलांसह पुन्हा काम सुरू केले. जेथे एके काळी मेजवान्या आणि नृत्ये होत, तेथे लेथ आणि भट्टी आली.

याच ठिकाणी फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर घडला. त्याची कल्पना साधी आहे. पेट्रोल एका लहान कोठीत येते. त्या कोठीत तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, असतो. पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याची सुई येणारा मार्ग बंद करते, पातळी उतरली की मार्ग पुन्हा उघडतो. ही कोठी एका बारीक तोटीला जोडलेली असते. तोटीचे तोंड पेट्रोलच्या पातळीपेक्षा किंचित वर असते, म्हणून इंजिन बंद असताना पेट्रोल सांडत नाही. पिस्टन खाली जाताच बाहेरची हवा वेगाने तोटीजवळून आत धावते. धावत्या हवेचा दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोलचा बारीक फवारा उडून हवेत मिसळतो. पिस्टन जेवढी हवा ओढील, त्याला अनुसरून पेट्रोल येते.

वाफ आपोआप किती उठते यावर आता इंजिन अवलंबून राहिले नाही. पेट्रोलचा हलका-जड असा सर्व अंश एकाच फवाऱ्यातून जाऊ लागला. भांडे लहान झाले आणि वजन घटले, वेग वाढविण्याचीही सोय झाली. ऑगस्ट १८९३ मध्ये या रचनेचे पेटंट फ्रान्समध्ये घेण्यात आले. त्याच वर्षी काही महिने आधी हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही याच तत्त्वावर कार्ब्युरेटर घडवून पेटंट घेतले होते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एकच उत्तर सापडावे, एवढी ती गरज तीव्र झाली होती. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या पिढ्यांमध्ये हे तत्त्व रुजविले ते मायबाख यांच्या फिनिक्स इंजिनाने.

निवड आणि जुळणी

मायबाख यांच्या तोटीत एक उणीव होती. इंजिनाचा वेग वाढला की हवेच्या तुलनेत पेट्रोल जास्त येई. ती भरून काढण्यासाठी पुढील अभियंत्यांनी जादा हवेची झडप, दुहेरी जेट, हवा मिसळणाऱ्या नळ्या अशा युक्त्या जोडल्या. सोलेक्स, झेनिथ, वेबर, डेलोर्टो ही नावे त्यातून पुढे आली. गाडीला योग्य कार्ब्युरेटर निवडणे आणि तो जुळविणे ही वेगळी विद्याच झाली. हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारगाड्यांमध्ये तिचे महत्त्व सर्वाधिक आहे.

या जातीची जगप्रसिद्ध गाडी म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात आखलेल्या या गाडीचे उत्पादन मेक्सिकोमध्ये २००३ पर्यंत चालू होते. तिच्या १२०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाला २८, मधल्या इंजिनांना ३० आणि अखेरच्या १६०० च्या इंजिनाला ३४ या क्रमांकाचा सोलेक्स कार्ब्युरेटर असे. हे आकडे हवेच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. हौशी मालकाला अनेकदा वाटते की मोठा कार्ब्युरेटर बसविला की शक्ती वाढेल. प्रत्यक्षात नळी गरजेपेक्षा मोठी झाली तर मंद गतीत हवेचा वेग पडतो, ओढ कमी होते, फवारा नीट उडत नाही आणि गाडी गचके खाते. नळी लहान पडली तर मंद गतीत गाडी गोड चालते, पण चढावर तिचा दम कोंडतो. म्हणून निवड इंजिनाच्या क्षमतेवरून आणि गाडी कोठे, कशी चालणार यावरून करावी लागते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा, असा त्याचा हिशेब होतो. हवा याहून अधिक असेल तर मिश्रण पातळ, कमी असेल तर दाट. पाण्याने थंड होणारे इंजिन थोडे पातळ मिश्रण निभावून नेते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती सवलत नाही. पातळ मिश्रणाने ते तापते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर झडपा व पिस्टन जळतात. दोन टप्प्यांच्या जुन्या रिक्षात तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असे. पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडे आणि चढावरच पिस्टन जाम होई.

बीडसारख्या जिल्ह्यात यात आणखी एक पेच आहे. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेचे वजन कमी भरते, त्यामुळे हिवाळ्यात नेमकी जुळलेली गाडी मे महिन्यात किंचित दाट मिश्रणावर चालू लागते. मालक मायलेज घटल्याची तक्रार करतो आणि जेट बारीक करण्याचा आग्रह धरतो. पण जेट गरजेपेक्षा बारीक झाला तर घाटात इंजिन तापते. जाणता मिस्त्री म्हणूनच घाई करीत नाही. आधी झडपांची फट, ठिणगीची वेळ आणि हवेची गाळणी तपासतो. कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधून चोरटी हवा शिरत नाही ना, हे पाहतो. इंजिन पूर्ण गरम करतो. मग मंद गतीचा स्क्रू लावून मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवितो. ज्या ठिकाणी इंजिन सर्वांत जलद व समतोल चालते ते ठिकाण धरतो आणि पुन्हा मंद गती खाली आणतो. शेवटी गाडी चढावर नेऊन प्लग पाहतो. फिकट तपकिरी रंग आला तर जुळणी बरोबर, काजळी असेल तर दाट, पांढुरका असेल तर पातळ. हवामान आणि रस्ता बदलले तरी प्रमाण राखायचे, हा मायबाख यांच्यापुढचाच प्रश्न तो आपल्या पातळीवर सोडवीत असतो.

ला तुर्बीचा घाट

घाटाने मायबाख यांच्या आयुष्यातही निर्णायक वळण घडविले. इंग्लंडमधील उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी डाइम्लर यांना परत घ्यावे या अटीवर साडेतीन लाख मार्क देऊ केले. त्यामुळे १८९५ मध्ये डाइम्लर आणि मायबाख दोघेही कंपनीत सन्मानाने परतले. मायबाख तांत्रिक प्रमुख झाले. ६ मार्च १९०० रोजी डाइम्लर यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला फ्रान्समधील नीस येथून ला तुर्बीच्या चढणीवर होणाऱ्या शर्यतीत कंपनीची उंच आणि जड फिनिक्स गाडी वळणावर खडकाला धडकली. तीत कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर प्राणास मुकला.

शर्यतीतून माघार घ्यावी असे कंपनीत अनेकांना वाटले. नीसमध्ये राहून या गाड्या धनिकांना विकणारा एमिल येलिनेक मात्र वेगळे मत घेऊन आला. दोष चढणीचा नाही, गाडीच्या बांधणीचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. बसकी, रुंद आणि हलकी गाडी करून द्या, मी ३६ गाड्या घेतो, असा त्याने करार केला. गाडीला नाव मात्र आपल्या मुलीचे, मर्सिडीसचे, द्यावे ही त्याची अट होती.

चौपन्न वर्षांच्या मायबाख यांनी काही महिन्यांत जी गाडी आखली, तिच्यापासून आधुनिक मोटारगाडीचा आरंभ मानतात. दाबलेल्या पोलादाची चौकट, खाली बसविलेले चार सिलिंडरचे इंजिन, जवळपास सहा लिटरची क्षमता आणि ३५ अश्वबल. दोन-दोन सिलिंडरांसाठी एक असे दोन फवारा कार्ब्युरेटर तिच्यावर होते. मिश्रण काबूत आल्यामुळे हे मोठे इंजिन मिनिटाला ३०० फेऱ्यांइतके खाली आणता येई आणि ९५० च्या आसपास पूर्ण शक्ती देई. एवढ्या शक्तीच्या उष्णतेला केवळ हवा पुरेना, म्हणून त्यांनी मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा रेडिएटर रचला. अर्ध्या अश्वबलाच्या दुचाकीवर हवेचा गारवा पुरवून पाहणाऱ्या माणसानेच त्याची मर्यादा ओळखून पाण्याची नवी रीत दिली.

डिसेंबर १९०० मध्ये पहिली गाडी येलिनेकच्या हाती पडली. मार्च १९०१ च्या नीस सप्ताहात तिने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. वर्षापूर्वी ज्या घाटाने बळी घेतला होता, तोच ला तुर्बीचा घाट विल्हेल्म वेर्नर या चालकाने ताशी सुमारे ५१ किलोमीटरच्या सरासरीने सर केला. फ्रेंचांनी मायबाख यांना रचनाकारांचा राजा म्हणून गौरविले. गाडीवर मात्र कंपनी डाइम्लरची आणि नाव येलिनेकच्या मुलीचे. आरंभीची बहुतेक पेटंटेही डाइम्लर यांच्याच नावाने होती. आराखडे काढणाऱ्याचे नाव कोठेच नव्हते.

उतरणीचा काळ आणि आकाश

डाइम्लर यांच्या पश्चात मायबाख यांना कंपनीत पाठीराखा उरला नाही. नव्या कारभाऱ्यांनी त्यांना हळूहळू बाजूला सारले. मुख्य रचनेचे काम इतरांकडे गेले आणि त्यांच्याकडे संशोधनाची नाममात्र कचेरी उरली. बोलून आपला हक्क मांडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी कंपनीचा निरोप घेतला. ज्या कंपनीची कीर्ती त्यांच्या गाडीवर उभी होती, तिच्यात त्यांना जागा राहिली नाही.

५ ऑगस्ट १९०८ रोजी स्टुटगार्टजवळील एख्टरडिंगेन येथे काउंट झेपेलिन यांचे विमानपोत वादळात सापडून जळाले. जर्मन जनतेने वर्गणी जमवून त्यांना पुन्हा उभे केले. मायबाख यांनी झेपेलिन यांना पत्र लिहून विमानपोतासाठी नवे इंजिन देऊ केले. १९०९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिची सूत्रे त्यांचा मुलगा कार्ल याच्या हाती आली. वडील सल्लागार, मुलगा रचनाकार अशी ही जोडी होती. आकाशात उंच गेले की हवा विरळ होते आणि हवा-पेट्रोलाचे गणित पुन्हा बदलते. बापाने जमिनीवर सोडविलेला प्रश्न मुलाला ढगांत नव्याने सोडवावा लागला. पहिल्या महायुद्धात ही इंजिने जर्मन विमानपोतांवर चढली. विज्ञानाचा हा वापर संहारासाठी झाला, हेही त्या काळाचे सत्य आहे.

१९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने मायबाख यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शाळेच्या पुढे रीतसर शिक्षण न मिळालेल्या अनाथ मुलाला वयाच्या सत्तरीत मिळालेला हा मान होता. युद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिने करण्यास बंदी आली, तेव्हा कार्ल यांनी मोटारगाड्यांकडे मोर्चा वळविला. १९२१ मध्ये मायबाख हे नाव प्रथमच एका मोटारगाडीवर झळकले. तोवर विल्हेल्म पंच्याहत्तर वर्षांचे झाले होते.

ऑगस्ट १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन हे विमानपोत मायबाख इंजिनांच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला स्टुटगार्ट येथे विल्हेल्म मायबाख यांचे निधन झाले. कानश्टाटच्या उफ-किर्खहोफ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. डाइम्लर यांचीही समाधी तेथेच आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. आता संवेदक हवेचे तापमान व दाब मोजतात आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पेट्रोलचा फवारा ठरविते. गॅरेजमधील पेचकसाच्या जागी संगणकाची केबल आली. तरीही काम तेच आहे : प्रत्येक श्वासाला हवेच्या प्रमाणात पेट्रोल देणे. बीड जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये आजही कोणी हौसेने जपलेली स्कूटर घेऊन येतो, मिस्त्री जेट उजेडासमोर धरून त्याचे छिद्र पाहतो, आणि घाट चढण्याजोगी जुळणी करून देतो. त्या छिद्रातून दिसणारा उजेड हॉटेल हेर्मानमधील एका अबोल माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिला होता.